इंचाचे सहस्रांश

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडमधील यंत्रशाळांत इंचाचे भाग निमपटीने पाडले जात, म्हणजे अर्ध्याचा पाव, पावाचा आठवा, आणि त्याच क्रमाने सोळावा व बत्तिसावा. कंपासाने कोणतीही लांबी दुभागता येत असल्यामुळे ही रीत हाताला आणि डोळ्याला सोयीची होती, आणि मराठी सुतारांचे सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, याच क्रमात बसते. परंतु बत्तिसाव्या भागाहून सूक्ष्म फरक सांगण्याची वेळ आली की कारागिराला ‘किंचित कमी’ किंवा ‘भरपूर’ अशा शब्दांवर भागवावे लागे, आणि त्या शब्दांचा अर्थ ज्याच्या त्याच्या हातावर अवलंबून राही.

मँचेस्टरचे यंत्रनिर्माते जोसेफ व्हिटवर्थ यांनी नेमक्या याच उणिवेवर बोट ठेवले. 1841 मध्ये स्क्रूच्या आट्यांसाठी एकच प्रमाण सुचवणाऱ्या या गृहस्थाने 1857 मध्ये लांबीची मापे दशांश पद्धतीने, इंचाच्या हजाराव्या भागात, म्हणजेच सहस्रांशात मांडावीत असा आग्रह धरला. दंड आणि त्याचे भोक यांत किती मोकळीक ठेवायची हे त्यामुळे आकड्यात सांगता आले, आणि कोणते माप मोठे हे ताडण्यासाठी छेद समान करण्याचा खटाटोप संपला: 19/64 आणि 5/16 यांची तुलना क्षणभर अडखळवते, 0.296875 आणि 0.3125 यांची नाही. व्हिटवर्थ यांचे खरे मोठेपण यंत्रांइतकेच या विचारात आहे.

या रूपांतरात गणिताची एक अनुकूलताही आहे. दहा या संख्येला दोनने भाग जात असल्यामुळे ज्याचा छेद दोनचा घात आहे असा प्रत्येक अपूर्णांक दशांशात बाकी न उरता संपतो, आणि त्याला जितका घात तितकी स्थळे लागतात. चौसष्ट हा दोनचा सहावा घात म्हणून 1/64 म्हणजे नेमके 0.015625. मात्र ही सहा स्थळे मोजणीची सूक्ष्मता दाखवत नाहीत, कारण पट्टीवर वाचलेला चौसष्टावा भाग दशांशात लिहिल्याने अधिक अचूक होत नाही, आणि हा भेद विसरणे घातक ठरते.

सहस्रांश प्रत्यक्ष कारागिराच्या हातात दिला तो मायक्रोमीटरने. फ्रान्समध्ये झाँ पामर यांनी 1848 मध्ये ज्याचे पेटंट घेतले होते, ते साधन अमेरिकेतील ब्राउन अँड शार्प या कंपनीच्या मालकांनी 1867 च्या पॅरिस प्रदर्शनात पाहिले आणि पुढे ते बाजारात आणले. इंची मायक्रोमीटरच्या स्क्रूला इंचात चाळीस आटे असतात, त्यामुळे एका फेऱ्यात तो 0.025 इंच सरकतो, आणि फिरत्या नळीच्या कडेवर पंचवीस भाग असल्याने एक भाग म्हणजे एक सहस्रांश. नकाशावर अपूर्णांक आणि साधनावर दशांश अशी स्थिती दीर्घकाळ टिकल्याने रूपांतराचा तक्ता अनेक मायक्रोमीटरांच्या चौकटीवरच कोरला जाई. 1959 च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार इंच म्हणजे नेमके 25.4 मिलिमीटर असे ठरल्यावर 1/64 इंचाचे मेट्रिक मापही बाकी न उरता 0.396875 मिलिमीटर इतके येते.