खुरातला चिखल आणि संशोधकाची घाई

गेल्या वर्षी माझ्या थीसिसच्या तिसऱ्या प्रकरणाचा ड्राफ्ट सरांकडून परत आला, तेव्हा एका वाक्याखाली लाल रेघ होती आणि समासात एवढंच लिहिलं होतं: "हे त्याने लिहिलंय की तू?"

वाक्य असं होतं: 'ओलाव्यामुळे घोड्याच्या खुराला होणारा थ्रश हा रोग झेनोफनला इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातच ठाऊक होता.' मला हे वाक्य फार आवडलं होतं. पण सरांच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजचा लेख त्या प्रश्नाबद्दल आहे. तुमच्यापैकी जे पेट किंवा नेटची तयारी करताहेत आणि पुढे कुठल्याही विषयाचा 'ऐतिहासिक आढावा' लिहिणार आहेत, त्यांना हा प्रश्न कधी ना कधी भेटणारच.

आधी रोग समजून घेऊ. घोड्याचा पाय उचलून खूर खालून पाहिला, तर मागच्या बाजूला एक त्रिकोणी, रबरासारखा लवचीक भाग दिसतो. इंग्रजीत त्याला चक्क 'फ्रॉग' म्हणतात. त्याच्या दोन्ही बाजूंना आणि मधोमध खाचा असतात. पावसाळ्यात घोडा दिवसरात्र चिखलात किंवा लीद-मुताने भिजलेल्या तबेल्यात उभा राहिला, की या खाचा घट्ट भरून जातात. आतली जागा मऊ पडते, कुजते, काळा चिकट स्राव येतो आणि असा वास सुटतो की एकदा घेतला की विसरत नाही. हाच थ्रश. दुर्लक्ष झालं तर खाच खोल होत जिवंत भागापर्यंत पोचते आणि घोडा लंगडायला लागतो.

आता झेनोफन. हा अथेन्सचा सैनिक आणि लेखक. घोडेस्वारीवरच्या त्याच्या छोट्या ग्रंथात तबेल्याबद्दल एक भाग आहे. तो सांगतो की ओली आणि गुळगुळीत जमीन चांगले खूरसुद्धा बिघडवते. म्हणून जमिनीला उतार द्यावा, खुराएवढे दगड एकमेकांना लागून बसवावेत. तबेल्याबाहेर चार-पाच गाड्या भरून मुठीएवढे गोटे पसरावेत, ते विखरू नयेत म्हणून भोवती लोखंडी कड घालावी आणि घोड्याला त्यावर उभं करावं. त्या काळच्या ग्रीसमध्ये खिळ्यांनी ठोकलेली नाल नव्हती, म्हणजे घोड्याचा खूर हीच त्याची चप्पल. ती टणक राहणं हा स्वाराच्या जिवाचा प्रश्न होता.

पण यात रोग कुठे आहे? वास, स्राव, कुजणं, काहीच नाही. त्याला हवा होता कठीण खूर. मी मायक्रोबायॉलॉजीत एम.एस्सी. केलेली, त्यामुळे 'ओली जमीन' हे दोन शब्द वाचले की डोक्यात आपोआप बॅक्टेरिया दिसतात. ते माझ्या डोक्यात होते, झेनोफनच्या पानावर नव्हते. जुन्या मजकुरावर आजचं निदान चिकटवण्याची ही सवय वैद्यकाच्या इतिहासात फार जुनी आहे आणि विज्ञान शाखेतून आलेले आपण त्यात सगळ्यात आधी फसतो.

मग दुसरा पुरावा पाहिला. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात अश्वाध्यक्षाचं प्रकरण आहे. त्यात प्रत्येक घोड्याच्या जागेची रचना दिली आहे: चौकोनी जागा, खाली गुळगुळीत फळ्या, वैरणीची सोय आणि मूत्र-लीद बाहेर जायला वाट. गंमत बघा. झेनोफनला गुळगुळीत जमीन नको आहे, इथे ती मुद्दाम केली आहे. एक दगड सांगतो, एक लाकूड. पण घोड्याच्या पायाखाली ओल साचू नये, ही काळजी दोघांनाही आहे. दोघांनी कारण म्हणून 'थ्रश' सांगितलेला नाही. तरी त्यांची व्यवस्था थ्रश टाळायला उपयोगी पडली असणार, असं आपण म्हणू शकतो. फक्त ते विधान आपलं आहे हे वाक्यात दिसायला हवं.

आपल्याकडचं उदाहरण घेण्याचा मोहही मला झाला. शिवकाळात पावसाळा आला की घोडदळ छावणीला बसायचं. चिपळूणच्या परिसरातल्या छावणीतल्या अंमलदारांना लिहिलेलं शिवाजी महाराजांचं पत्र प्रसिद्ध आहे. दाणा-वैरण आत्ताच उधळलीत तर ऐन पावसात काही मिळणार नाही, घोडी मरतील, लोक रयतेला त्रास देतील, आगीपासून गवत सांभाळा, अशा सूचना त्यात आहेत. पावसाळा आणि घोडे यांचा इतका बारीक विचार झालेला पाहून 'म्हणजे खुरांचीही काळजी घेतली जात असणार' असं लिहायला हात शिवशिवतो. पण पत्र खुरांबद्दल बोलत नाही. ते वैरण, आग आणि रयत यांबद्दल आहे. म्हणून ते वाक्य मी लिहिलं नाही.

इथवर वाटेल की उपाय आधी आले, कारण नंतर कळलं, एवढीच ही गोष्ट. तसं नाही. मधे एक टप्पा असा येतो जिथे चुकीच्या कारणाने उपायच अडवला. अठराव्या शतकातल्या काही इंग्रजी अश्ववैद्यक पुस्तकांत खुरातून वाहणारा स्राव म्हणजे शरीरातले दूषित द्रव बाहेर पडण्याची वाट, असा समज दिसतो. मग तो एकदम सुकवणं धोक्याचं ठरलं. खूर स्वच्छ ठेवा, पण सुकवणारी औषधं लावू नका. म्हणजे विचार सुसंगत, पण घोड्याचा खूर कुजतोच आहे.

1791 मध्ये लंडनला पशुवैद्यकीय कॉलेज निघालं. तिथे पुढे बरीच वर्षं प्राध्यापक असलेल्या एडवर्ड कोलमनने वेगळी मांडणी केली. फ्रॉगवर जमिनीचा दाब पडलाच पाहिजे, तो पडला नाही की टाचा आकसतात आणि फ्रॉग बिघडतो, असं त्याचं म्हणणं. दाब यावा म्हणून त्याने कृत्रिम फ्रॉगसुद्धा तयार केला. ब्रेसी क्लार्कने त्याला विरोध केला. त्याच्या मते खरा दोष खिळ्यांनी जखडलेल्या नालेचा, कारण ती खुराला पसरू देत नाही. दोघांचा वाद खुराच्या यंत्रणेवर होता, जंतूंवर नव्हता. आणि तरी दोघांच्याही हातात काहीतरी खरं होतं. आकसलेल्या टाचांच्या घोड्यात मधली खाच खोल आणि बंद होते, आणि तिथे थ्रश सहज रुजतो, हे आजही मानलं जातं.

जंतू आला तो एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी. 1884 मध्ये फ्रीडरिश लोफलरने वासरांच्या घशाच्या एका रोगात एक जंतू पाहिला. आज त्याचं नाव फ्युसोबॅक्टेरियम नेक्रोफोरम. थ्रशशी मुख्यतः याचंच नाव जोडलं जातं, जरी खाचेत तो एकटा नसतो. जनावरांच्या आतड्यात आणि शेणा-लिदीत तो असतो आणि ऑक्सिजन नसलेल्या जागी वाढतो.

आता परीक्षेत विचारतात तसा प्रश्न: या शोधाने उपचारात काय बदललं? पहिल्या नजरेत काहीच नाही. मोरचूद आणि डांबर जंतू कळण्याआधीपासून वापरात होतं. आजही पशुवैद्य सांगतात ते हेच: रोज खूर कोरून खाचा मोकळ्या करा, धुतलात तर कोरडा करा, लोंबणारे कुजके तुकडे नालबंदाकडून किंवा डॉक्टरांकडून काढून घ्या, सौम्य जंतुनाशक लावा, अंथरूण कोरडं ठेवा, घोड्याला चालवा. घोडा लंगडत असेल किंवा खाचेतून रक्त येत असेल तर घरगुती उपाय थांबवून डॉक्टरांना बोलवा, आणि धनुर्वाताची लस झालेली आहे ना ते बघा, कारण घोडा धनुर्वाताला फार नाजूक.

पण नीट पाहिलं तर बदललं ते प्राधान्य. जंतूला हवा सोसत नाही हे कळल्यावर 'खाच उघडी करणं' हाच उपचाराचा गाभा ठरतो आणि औषध दुसऱ्या नंबरवर जातं. वर नुसतं औषध ओतून खाली चिखल तसाच ठेवला तर का उपयोग होत नाही, तेही कळतं. फार जहाल औषधाने निरोगी भाग जळतो आणि नवी कुजकी जागा तयार होते, हेही. माथेरानला एका घोडेवाल्या काकांना मी पावसाळ्यात खूर कोरताना पाहिलं होतं. मी विचारलं, औषध कोणतं लावता? ते म्हणाले, "आधी माती काढू दे की, बाई." त्यांनी लोफलर वाचलेला नाही. क्रम मात्र बरोबर होता.

तर मी आता कुठलाही जुना मजकूर वाचताना वहीत तीन रकाने आखते. त्यांनी काय केलं. त्यांनी त्याचं कारण काय दिलं. मला त्यात काय दिसतं. झेनोफनचा पहिला रकाना भरलेला आहे, दुसऱ्यात 'कठीण खूर' आहे आणि थ्रश फक्त तिसऱ्यात. अठराव्या शतकातल्या त्या पुस्तकांचा दुसरा रकाना गच्च भरलेला आणि त्यानेच पहिला बिघडवलेला. तिसऱ्या रकान्यातला मजकूर पहिल्या दोनात सांडला, की लाल रेघ ठरलेली.

ते वाक्य मी असं बदललं: 'ओल्या जमिनीने खूर बिघडतात हे झेनोफन सांगतो, त्याचा हेतू खूर टणक ठेवण्याचा आहे, आणि त्याची व्यवस्था आज आपण ज्याला थ्रश म्हणतो तो टाळायलाही उपयोगी पडली असावी.' लांब झालं, थोडं कंटाळवाणंही झालं. पण या वेळी समासात काही नव्हतं.