बोलणं हरवलेली मुलं

आज मुरुममध्ये आपण व्हिएन्नापासून सुरुवात करू. १९०८ साली थिओडोर हेलर या विशेष शिक्षकाने सहा मुलांची नोंद केली. तिसऱ्या-चौथ्या वर्षापर्यंत नीट वाढलेली ही मुलं काही महिन्यांत भाषाच गमावून बसली. हेलरने त्याला बालपणीचा बुद्धिभ्रंश म्हटलं. २०१३ साली अमेरिकी वर्गीकरणाने हे वेगळं नाव काढलं. आजार स्वमग्नतेत सामावला.

आपल्या १९९५च्या अपंग कायद्यात स्वमग्नता नव्हती. २०१६च्या कायद्यात आली. म्हणजे हक्क नावावर ठरतो. पण 'बोललाच नाही' आणि 'बोलत होता, थांबला' हे आम्ही एक मानत नाही. दुसऱ्यामागे कधी फिट्सचा, उपचार होण्याजोगा आजारही असतो. म्हणून 'बोलत होता' असं आई सांगते, तेव्हा ती पुराव्याची पहिली ओळ समजावी.