घराला पायऱ्या किती?

अमेरिकेत मुलाकडे किंवा मुलीकडे सहा महिने राहायला निघालेल्या आईबाबांच्या घरी शेवटच्या आठवड्यात दोन उद्योग चालू असतात. एकीकडे बॅगा वजनकाट्यावर चढतात-उतरतात, भाजणी राहते आणि स्वेटर बाहेर निघतो. दुसरीकडे तोंडी परीक्षेची तयारी चालते. विमानतळावरचा अधिकारी काय विचारेल? कुठे राहणार, किती दिवस, मुलगी काय करते, परतीचं तिकीट कुठंय? व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या यादीत प्रश्नांपुढे उत्तरंही असतात. आणि एक ताकीद हमखास असते: 'नातवाला सांभाळायला' म्हणू नका, 'भेटायला' म्हणा.

ही घोकंपट्टी आपण शोधलेली नाही. तिला शंभराहून जास्त वर्षं झाली.

त्याच्याही आधीचं एक उदाहरण घेऊ. आनंदीबाई जोशी एप्रिल १८८३मध्ये कलकत्त्याहून बोटीत बसल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या. अठरा वर्षांच्या आनंदीबाईंना व्हिसा काढावा लागला नाही. त्यांची खरी मुलाखत निघण्याआधी इथेच झाली. अमेरिकेलाच का, एकटी का, धर्माचं काय, असे लोकांचे प्रश्न त्यांनी सेरामपूरच्या सभेत एकेक करून घेतले आणि उत्तरं दिली. समुद्रापलीकडचं दार त्यांच्यासाठी उघडं होतं.

सगळ्यांसाठी मात्र नव्हतं. आदल्याच वर्षी, म्हणजे १८८२मध्ये, अमेरिकेने दोन कायदे केले होते. एकाने चिनी मजुरांना बंदी केली. दुसऱ्याने, जो स्वतःचं पोट भरू शकणार नाही आणि सरकारवर भार होईल, त्याला किनाऱ्यावरूनच परत पाठवायची सोय केली. आपल्या फाइलमधल्या बँक स्टेटमेंटचे हे खापरपणजोबा. चिनी लोकांतले व्यापारी, विद्यार्थी, शिक्षक आणि प्रवासी बंदीतून वगळले होते. १८८०च्या चीनबरोबरच्या करारात या शेवटच्या गटाचं वर्णन मोठं गोड आहे: 'कुतूहलापोटी' येणारे. पण कुतूहल सिद्ध कसं करायचं? त्यासाठी चिनी सरकारचा दाखला आणि त्यावर अमेरिकन वकिलातीची मोहर लागे. आजचा टुरिस्ट व्हिसा ओळखीचा वाटावा इतपत त्यात दिसतो.

मग १९०६चा भूकंप आला. सॅन फ्रान्सिस्को जळालं आणि जन्मनोंदीही जळाल्या. 'माझा जन्म इथलाच' असं म्हणणाऱ्या चिनी माणसाला खोटं ठरवायला कागदच उरला नाही. जो नागरिक ठरला, त्याची चीनमध्ये जन्मलेली मुलंही नागरिक. काहींनी गावी जाऊन आल्यावर न झालेल्या मुलांची नोंद केली आणि त्या जागा विकल्या. विकत घेऊन येणाऱ्यांना 'कागदी मुलगे' म्हणत. १९१०मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरात एंजल बेटावर तपासणी केंद्र सुरू झालं, ते मुख्यतः अशांना पकडायला.

तिथले प्रश्न असे: तुमच्या घराला पायऱ्या किती? गावात घरांच्या रांगा किती, तुमचं घर कितव्या रांगेत? विहीर कुठे? तांदळाचा डबा घरात कुठे ठेवतात? शेजाऱ्याला मुलं किती? मुलाला विचारायचं, मग बापाला वेगळं बसवून तेच विचारायचं आणि उत्तरं ताडून बघायची. आम्ही सॉफ्टवेअरवाले दोन ठिकाणचा डेटा असाच जुळवतो, म्हणून त्यातली भानगड मला चटकन कळते. या पद्धतीत खरं काय ते तपासलंच जात नाही. दोन प्रती जुळतात का, एवढंच कळतं.

परिणाम व्हायचा तोच झाला. कागदी मुलग्यासाठी उत्तरांच्या वह्या बनल्या. गावाचा नकाशा, आजीचं नाव, पायऱ्यांची संख्या, सगळं त्यात असे. बोटीवर पाठ करायचं आणि बेट यायच्या आत वही समुद्रात टाकायची. एखादं उत्तर चुकलंच, तर स्वयंपाकघरातले चिनी कामगार शेंगदाण्याच्या टरफलात किंवा केळ्याच्या सालीत चिठ्ठी लपवून आत पोचवत. पण खरी गंमत, आणि खरं दुःखही, सख्ख्या मुलाचं आहे. बाप दहा वर्षं परदेशात. मधल्या काळात पायरी बुजली असेल, डबा हलला असेल. मुलगा खरं सांगणार, बापही खरंच सांगणार आणि दोघांचं जुळणार नाही. म्हणून खऱ्या मुलालाही वही पाठ करावी लागे. आठवडे, कधी महिने लोक तिथे अडकून पडत. काहींनी बराकीच्या लाकडी भिंतींवर कविता कोरल्या. त्या अजून आहेत.

आपली पाळी १९१७मध्ये आली. त्या वर्षीच्या कायद्याने भारतासकट आशियाचा मोठा पट्टा बंद केला. सूट मिळालेल्यांच्या यादीत लेखक, कलावंत, सिव्हिल इंजिनिअर (आम्ही तेव्हा नव्हतोच) आणि 'कुतूहल किंवा मौज' म्हणून येणारे प्रवासी होते. पण सूट असली तरी प्रश्न चुकत नसत. १९२९मध्ये कॅनडातून अमेरिकेत शिरताना रवींद्रनाथ ठाकुरांना अधिकाऱ्यांची वागणूक इतकी लागली, की दौरा अर्धवट टाकून ते जपानकडे निघून गेले. नोबेल मिळून तेव्हा सोळा वर्षं झाली होती.

१९२४च्या कायद्याने व्याख्याच उलटी केली: येणारा प्रत्येक परका हा स्थायिक व्हायला आलेला, पर्यटक हा अपवाद. १९५२च्या कायद्यात ते स्पष्टच लिहिलं आणि ते आजही लागू आहे. अर्जदार स्थायिक व्हायला आलाय असं गृहीत धरायचं. तसं नाही हे त्याने पटवून द्यायचं. नाशिकचं घर, पेन्शन, परतीचं तिकीट हे सगळं त्या गृहीतकाविरुद्धचे पुरावे. व्हिसा मिळाला तरी तो दार ठोठावायची परवानगी. आत घ्यायचं का आणि कुठल्या तारखेपर्यंत, हे विमानतळावरचा अधिकारी ठरवतो. साधारणपणे सहा महिने मिळतात. व्हिसाची दहा वर्षं आणि ही तारीख यांत गल्लत करणारे पुष्कळ भेटतात.

म्हणूनच ती 'सांभाळायला'वाली ताकीद मला खटकते. आपल्याकडे आजी नातवाला सांभाळते म्हणजे नोकरी करत नाही. पण अधिकाऱ्याला त्यात काम ऐकू येऊ शकतं, हेही खरं. आईला ते समजावून सांगावं, शब्द पाठ करायला देऊ नयेत. पाठ केलेला माणूस दुसऱ्याच प्रश्नाला अडखळतो, आणि बाजूच्या रांगेत बाबांनी वेगळा शब्द वापरला की झालं, प्रती जुळल्या नाहीत. त्यापेक्षा आईला लेकीचा पत्ता, तिची नोकरी, परतीची तारीख हे तिचं तिला माहीत असू द्या. कागद हातातल्या पिशवीत ठेवा, सामानात नकोत. फोनही तपासला जाऊ शकतो, तेव्हा त्यात आणि बोलण्यात फरक नसावा. इंग्रजी अडलं तर दुभाषी मागता येतो. मागितला म्हणून कुणी परत पाठवत नाही.