मेनुकी

मेनुकी हे जपानी तलवार, वाकिझाशी (आखूड तलवार) आणि तांतो (सुरा) या शस्त्रांच्या मुठीवर दोन्ही बाजूंस बसविले जाणारे धातूचे छोटे अलंकरण आहे. ते जोडीने घडविले जाते. सर्वसाधारणपणे प्रत्येक नगाची लांबी ३ ते ५ सेंटिमीटर असते. सिंह, ड्रॅगन, पक्षी, कीटक, फुले, शस्त्रे, पौराणिक व्यक्ती असे अनेक विषय त्यावर आढळतात. आरंभी उपयोगाची वस्तू असलेली मेनुकी पुढे जपानी धातुकलेचा एक स्वतंत्र प्रकार बनली.

व्युत्पत्ती आणि उगम

जपानी भाषेत ‘मे’ म्हणजे डोळा किंवा छिद्र आणि ‘नुकी’ म्हणजे आरपार जाणे. जपानी पात्याचा मुठीत जाणारा भाग एका आडव्या खुंटीने अडकविलेला असतो. या खुंटीस ‘मेकुगी’ म्हणतात. प्राचीन काळी खुंटी व तिची नक्षीदार टोपी ही एकच वस्तू होती. कालांतराने खुंटी साध्या बांबूची होऊ लागली आणि टोपी तिच्यापासून विलग होऊन केवळ शोभेची राहिली. काही मेनुकींच्या मागील बाजूस एका नगाला भरीव दांडी व दुसऱ्याला पोकळ नळी असते. मूळच्या जोडणीची ही खूण होय.

मुठीवरील स्थान

मूठ सहसा ‘होओ’ नावाच्या वृक्षाच्या (मॅग्नोलियाची एक जात) लाकडाची असते. तिच्यावर पाकट माशाची खरबरीत कातडी चढवितात व वरून रेशमी किंवा सुती फीत गुंडाळतात. मेनुकी या फितीच्या वेढ्यांखाली बसते आणि वेढ्यांमधील फटींतून दिसते. दोन्ही बाजूंचे नग परस्परांच्या थेट समोर नसतात. एक पात्याच्या बाजूस, तर दुसरा मुठीच्या टोकाकडे सरकविलेला असतो. त्यांच्या उंचवट्यामुळे पकड पक्की होते, असे मानले जाते.

तांतो म्हणजे एक शाकूपेक्षा, अर्थात सुमारे ३० सेंटिमीटरपेक्षा, आखूड पात्याचे शस्त्र. त्याच्या ‘आयकुची’ या प्रकारात हाताच्या रक्षणासाठीची चकती नसते व मुठीवर पुष्कळदा फीतही नसते. तेथे मेनुकी थेट कातडीवर बसवितात. त्यामुळे ती पूर्णपणे दिसते.

इतिहास

मेनुकीच्या इतिहासात गोतो घराण्याचे स्थान मोठे आहे. आद्य पुरुष गोतो युजो याने पंधराव्या शतकात शोगुन आशिकागा योशिमासाच्या पदरी काम केले. सतरा पिढ्यांपर्यंत या घराण्याने सत्ताधाऱ्यांसाठी तलवारीचे अलंकार घडविले. मेनुकी, म्यानात राहणाऱ्या लहान सुरीची मूठ (कोझुका) आणि केस सारखे करण्याची सळई (कोगाई) या तिघांच्या जुळत्या संचास ‘मितोकोरोमोनो’ म्हणतात.

एदो काळात शहरी ग्राहकांसाठी काम करणारे स्वतंत्र कारागीर पुढे आले. त्यांत योकोया सोमिन याचे नाव अग्रगण्य आहे. पुढे १८७६ मध्ये मेइजी शासनाने सार्वजनिक ठिकाणी तलवार बाळगण्यास सामान्यतः बंदी केली आणि कारागिरांचा मुख्य ग्राहकवर्ग नाहीसा झाला. अनेकजण निर्यातीच्या फुलदाण्या व दागिन्यांकडे वळले. जुन्या मेनुकी तंबाखूच्या बटव्यांवर किंवा ब्रूचमध्ये बसविल्या गेल्या. कानो नात्सुओ (१८२८–१८९८) या कारागिराने नव्या राष्ट्रीय नाण्यांच्या घडणीत भाग घेतला व पुढे तोक्यो ललित कला विद्यालयात अध्यापन केले. त्यामुळे ही विद्या पुढील पिढीपर्यंत पोहोचली.

धातू व निर्मिती

सोने, चांदी, तांबे व पितळ यांखेरीज दोन मिश्रधातू विशेष प्रसिद्ध आहेत. ‘शाकुदो’ म्हणजे तांब्यात अल्प प्रमाणात सोने, तर ‘शिबुइची’ म्हणजे तांबे व चांदी यांचे मिश्रण. ‘शिबुइची’चा शब्दार्थ ‘एक चतुर्थांश’ असा आहे. रासायनिक संस्कारानंतर शाकुदोस निळसर काळी व शिबुइचीस राखाडी छटा येते.

पारंपरिक पद्धतीत धातूचा पातळ पत्रा तापवून मऊ करतात आणि राळेच्या थरावर ठेवून मागील बाजूने ठोकतात. आकार उठून आल्यावर पत्रा उलटवून पुढून छिन्नीने बारकावे कोरतात व कडा आत वळवितात. आवश्यक तेथे सोन्या-चांदीचे जडावकाम होते. शेवटी तांब्याच्या क्षारांच्या द्रावणात उकळून रंग आणतात. त्यापूर्वी वस्तूस मुळ्याचा रस लावण्याची प्रथा आहे.

आधुनिक वापर व निवड

जपानी स्वयंपाकघरातील सुरीस मेनुकी नसते. तिची पारंपरिक मूठ साध्या लाकडाची असते व पुढील टोकास बहुधा म्हशीच्या शिंगाचे कडे असते. मात्र तांतोच्या धर्तीवर सुऱ्या घडविणारे आजचे कारागीर फितीखाली मेनुकी बसवितात. त्यासाठी साच्यात ओतलेल्या प्रतिकृती सहज मिळतात. काहीजण तांब्याचा पत्रा ठोकून ती स्वतःही घडवितात. निवडताना मुठीची रुंदी व नगाची उंची जुळवावी लागते. नग फार उंच असल्यास फीत नीट बसत नाही.

ठोकून घडविलेल्या मेनुकीची मागील बाजू पोकळ असते आणि पुढील आकृतीचा उलटा ठसा तेथे दिसतो. ओतीव प्रतिकृतीत पाठ अनेकदा सपाट किंवा खडबडीत व बारकावे बोथट असतात. जुन्या नगांची पारख करून प्रमाणपत्र देण्याचे काम १९४८ साली स्थापन झालेली जपानी कला-तलवार जतन संस्था करते.

जतन

जुन्या मेनुकीवरील काळसर थर म्हणजे मळ नव्हे. तो कारागिराने हेतुपुरस्सर आणलेला रंग असतो. धातू चकाकविणाऱ्या द्रव्याने घासल्यास तो कायमचा नष्ट होतो. म्हणून मऊ कोरड्या कापडापलीकडे साफसफाई करू नये, असा संकेत आहे. जुनी मूठ उकलून मेनुकी वेगळी काढल्यास मूळ संच मोडतो आणि त्याबरोबर काळ व परंपरा ठरविण्याचा पुरावाही हरवतो. नव्या सुरीसाठी जुनी मूठ मोडण्यापेक्षा नवी मेनुकी घडविणे म्हणूनच श्रेयस्कर मानले जाते. तोक्यो राष्ट्रीय संग्रहालय, बोस्टनचे ललित कला संग्रहालय आणि लंडनचे व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालय येथे जपानी तलवारीच्या अलंकारांचे संग्रह आहेत.