दोन प्रती आणि एक तळटीप

मागच्या दिवाळीत माझ्या हातून एक चूक घडली. वडिलांच्या आठवणी मी संगणकावर टंकून ठेवल्या होत्या. ताईने ती फाइल पेनड्राइव्हवर नेली आणि तिथेच आईबद्दल दोन पाने वाढवली. इकडे मी माझ्या प्रतीतले शुद्धलेखन सुधारत बसलो होतो. पेनड्राइव्ह परत आल्यावर माझा फोल्डर त्यावर उतरवताना प्रश्न आला, 'याच नावाची फाइल आहे, बदलू का?' माझी तारीख ताजी, म्हणून मी 'हो' म्हटले. ताईची पाने गेली. ताई आता त्र्याऐंशीची आहे. म्हणाली, "काय लिहिलं होतं ते आता नाही रे आठवत."

चूक यंत्राची नव्हती, 'नवे ते खरे' या माझ्या कसोटीची होती. विंडोज ९५ मधली साधी ब्रीफकेससुद्धा माझ्यापेक्षा शहाणी होती. एकच प्रत बदललेली असेल तर ती दुसरीवर उतरवायची, पण दोन्ही बदललेल्या दिसल्या तर आपण होऊन काही करायचे नाही, निर्णय माणसावर सोडायचा, अशी तिची रीत होती.

तेव्हा मला पुण्याचे भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर आठवले. तिथे १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम सुरू झाले. १९२५ पासून वि. सी. सुखटणकरांनी ते सांभाळले. समोर शारदा, बंगाली, देवनागरी, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम अशा लिप्यांतल्या पोथ्या होत्या. प्रत्येक लेखनिकाने काही गाळलेले, काही घातलेले. संगणकाला निदान मागच्या जुळवणीच्या वेळची स्थिती ठाऊक असते. इथे मूळ प्रतच हरवलेली!

सुखटणकरांनी केवळ तारखेवर किंवा पोथ्यांच्या संख्येवर भिस्त ठेवली नाही. कोणती पोथी कोणत्या शाखेतली, हे आधी पाहिले. एकमेकींशी संबंध न आलेल्या उत्तरेच्या आणि दक्षिणेच्या पोथ्या जिथे एकच पाठ देतात, तिथे तो जुना मानला. उरलेल्याचे काय? ते फेकले नाही. पाठभेद तळटिपांत गेले, मोठे प्रसंग परिशिष्टांत. व्यासांनी सांगावे आणि गणपतीने लिहून घ्यावे, ही आपल्या सर्वांची लाडकी कथाही मूळ संहितेत न राहता परिशिष्टात गेली. पण गेली ती जपूनच. ज्याला सुखटणकरांचा निर्णय पटत नाही, त्याला तो आजही तपासता येतो.

सुखटणकर १९४३ मध्ये गेले. पुढे श्री. कृ. बेलवलकर आणि प. ल. वैद्य यांनी धुरा वाहिली आणि १९६६ मध्ये संहिता पूर्ण झाली. सत्तेचाळीस वर्षे!

मी मात्र एका क्षणात निकाल दिला होता.

आता मी दोन्ही प्रती ठेवतो, नावापुढे कोणाची ते लिहितो, आणि मग शेजारी शेजारी उघडून सावकाश वाचतो. वडिलांच्या आठवणींत आईच्या जागी एक तळटीप घातली आहे : 'येथे ताईने लिहिलेली दोन पाने होती. माझ्या हातून गेली.'