बूटलोडर आणि इनिट

* बूटलोडर, इनिट : लेखक प्लेनोच्या घरी वापरतात तो बीगलबोन ब्लॅक हा २०१३चा बोर्ड शेजारच्याच डॅलसमधल्या टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या चिपवर चालतो. चिपच्या पोटातली मेमरी अगदी तुटपुंजी. म्हणून वीज मिळताच चिपमधला कायमचा कोड आधी ‘एमएलओ’ ही छोटी फाइल उचलतो. ती बोर्डावरची ५१२ एमबी रॅम तयार करते आणि यू-बूट या बूटलोडरला आत आणते. यू-बूट कर्नल आणि हार्डवेअरचा तक्ता रॅममध्ये ठेवतो व कर्नलच्या हाती एक ओळ देतो : ‘रूट=’ म्हणजे फाइली कुठे आहेत, ‘इनिट=’ म्हणजे पहिला प्रोग्राम कोणता. तिथे त्याचे काम संपते. म्हणून मूळ मजकुरातले ‘यू-बूट सिस्टिमडी सुरू करतो’ हे विधान जपून वाचावे. सिस्टिमडी हा इथला इनिट, म्हणजे पहिल्या क्रमांकाची प्रोसेस, आणि ती कर्नलच सुरू करतो. ‘रूट=’ चुकले की बूट अडते आणि बोल उगाच सिस्टिमडीला लागतो, त्याची पाळीही आलेली नसताना. ‘इनिट=’पुढे शेलचे नाव दिले तर पासवर्ड न विचारता सर्वाधिकार मिळतात. पासवर्ड विसरलेल्याला हा मार्ग तारतो. पण ही ओळ बोर्डाच्या सीरियल पोर्टवरून बदलता येते; तो पोर्ट परक्याच्या हाती लागू देऊ नये ते यामुळेच. — संपादक