दक्षिण गंगोत्री हिमनदी
पूर्व अंटार्क्टिकातील क्वीन मॉड लँड प्रदेशात, किनाऱ्यापासून सुमारे १०० कि.मी. आत, शिर्माकर ओअ‍ॅसिस ही जेमतेम ३५ चौ.कि.मी.ची बर्फमुक्त खडकाळ पट्टी आहे. दक्षिणेकडील खंडीय हिमस्तराची एक जीभ या पट्टीत उतरते. तीच दक्षिण गंगोत्री हिमनदी.

डॉ. कासिम यांच्या नेतृत्वाखालील पहिली भारतीय मोहीम ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याहून निघाली. पुढे १९८३-८४ मध्ये किनाऱ्यालगतच्या तरंगत्या हिमावर उभारलेल्या तळाचे नावही दक्षिण गंगोत्रीच असल्याने दोहोंची गल्लत होते. तो तळ हिमात गाडला जाऊन १९९० मध्ये सोडून द्यावा लागला. मूळ गावाचे नाव नव्या वस्तीला देण्याची रीत जुळे सोलापूरकरांना अपरिचित नाही; मात्र येथून कोणतीही गंगा उगम पावत नाही.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने १९८३ पासून हिमनदीच्या मुखाची मोजणी सुरू केली. पहिल्या दोन दशकांत ते मागे सरकले, पण वर्षाला सरासरी मीटरभराहूनही कमी. हिमालयातील गंगोत्रीच्या मानाने हे अत्यल्प असले, तरी इतका सूक्ष्म बदल टिपणाऱ्या नोंदी विरळाच. मुखाजवळ माणसांची वर्दळ वाढली तर त्या निरुपयोगी ठरतील. म्हणून २००५ मध्ये अंटार्क्टिक कराराखाली हा भाग विशेष संरक्षित क्षेत्र क्र. १६३ घोषित झाला. परवान्याशिवाय तेथे प्रवेश नाही.